१२५ सीसी मोटरसायकलचे पुढचे स्प्रॉकेट बदलावे का?

प्रश्न: सपाट रस्त्यावर वेग घेतला की माझ्या १२५ सीसी मोटरसायकलचे इंजिन फार ओरडते. पुढचे १४ दातांचे स्प्रॉकेट (साखळी ज्यावर फिरते ते दातेरी चाक) काढून १५ दातांचे बसवल्यास फरक पडेल का?

उत्तर: पडेल. मागचे स्प्रॉकेट ४२ दातांचे असेल, तर मागच्या व पुढच्या दातांचे गुणोत्तर ३ वरून २.८ होते, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ७ टक्क्यांनी घटतात. मात्र चढावर, विशेषतः मागे कोणी बसलेले असताना, खालचा गिअर लवकर टाकावा लागेल.

उत्तर: त्याआधी साखळी तपासावी. झिजलेल्या साखळीवर नवे स्प्रॉकेट बसवले, तर तेही लवकर झिजते.

उत्तर: सहमत. मोठ्या स्प्रॉकेटमुळे साखळी ताणली जाते, म्हणून तिची ढिलाई पुस्तिकेप्रमाणे पुन्हा जुळवावी.