मदत हवी आहे: दमा असलेल्या मंडळींना चालण्याच्या गटात टिकवायचं कसं? (पुणे)

चालतेबोलते:
सोसायटीच्या चालण्याच्या गटात 40 ते 60 वयाचे पाच-सहा दमेकरी आहेत. सगळ्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पण दहा मिनिटांत धाप लागली की घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी दांडी. वेळ सकाळी 6 ची. साधी धाप आणि दम्याची धाप वेगळी कशी ओळखायची? सुरुवात किती मिनिटांनी करावी?

कोरडी_हवा:
घड्याळ लावा. साधी धाप थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ओसरते. दम्याची बहुधा थांबल्यावर वाढते, 5 ते 15 मिनिटांत टोकाला जाते आणि सोबत ढास, घरघर, छाती आवळणं असतं. भराभर श्वास घेताना श्वासनलिका कोरड्या आणि गार पडतात, म्हणून त्या आकसतात.

त्यामुळे डिसेंबरात 6 वाजता नकोच. हवा गार, कोरडी, त्यात शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर जमिनीलगत साचलेला. साडेआठनंतर निघा, नाकाने श्वास घ्या, नाकातोंडावर रुमाल बांधा.

आधी 10-15 मिनिटं अगदी रमतगमत, मध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे भरभर टप्पे. मग 2 मिनिटं भरभर, 1 मिनिट सावकाश. पहिल्या आठवड्यात हे 10 मिनिटंच, पुढे दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवा. आठवड्याला 150 मिनिटं हे लक्ष्य. बोलता यावं, गाता येऊ नये, इतकाच वेग. शेवटी एकदम बसू देऊ नका.

स्पेसरवाली:
त्याआधी औषध नियमित चालू आहे का ते विचारा. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून रोजचा स्टेरॉइड पंप सोडलेला असतो आणि मग चालण्यावर खापर फुटतं! चालण्याआधीचा डोस सोडून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा आरामाचा पंप (दम लागल्यावर लगेच आराम देणारा) लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. आधी डॉक्टर, मग वेग.

डॉक्टरांनी सालब्युटामॉल (आरामाच्या पंपातलं औषध) सांगितलं असेल तर ते निघण्याआधी 10-15 मिनिटं. ओढण्यातही गफलत होते: रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचा पंप) जोरात आणि खोल ओढायचा, स्प्रेचा पंप स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावून सावकाश. दोन्हींत मग 10 सेकंद श्वास रोखायचा. कॅप्सूल ऐन वेळी पाकिटातून काढा, दमट हवेत पावडरीचे गोळे होतात. स्टेरॉइडनंतर चूळ भरायची.

चालतेबोलते:
धन्यवाद! एका काकांना चालताना काहीच होत नाही, घरी पोचल्यावर ढास लागते. ते म्हणतात, जिन्यातली धूळ.

कोरडी_हवा:
धूळ असेलही, पण वेळ बघता संशय चालण्यावरच जातो. पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोराची आहे ते मोजणारी नळी) घ्या. उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा. निघण्याआधी एकदा, थांबल्यावर 5, 10, 15 मिनिटांनी पुन्हा. 400 चे 340 किंवा त्याहून कमी झाले तर वही घेऊन डॉक्टरांकडे. चालणं बंद करण्याची गरज नसते, बहुतेकदा औषध बदलून भागतं.

स्पेसरवाली:
पंप खिशात हवा, घरी नव्हे. दम लागलाच तर बसवा, आडवं करू नका. सालब्युटामॉल स्पेसरमधून एका वेळी एक पफ, 30 ते 60 सेकंदांनी पुढचा, जास्तीत जास्त 10. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील तर पफ मोजत थांबू नका, लगेच 108 लावा आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा.