मदत हवी आहे: गावच्या सेवा सोसायटीवर सत्तेचे सिद्धांत कसे लावायचे? (बीए समाजशास्त्र)

पांदण_यवतमाळ: बीए तृतीय वर्षाचा प्रकल्प आहे. विषय गावची सेवा सहकारी सोसायटी, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी संस्था. सत्तेवर लिहिणारे वेबर, मिशेल्स आणि ल्यूक्स घ्यायचेच आहेत. वेबरचे अधिकाराचे तीन प्रकार असे लावले: पारंपरिक अधिकार म्हणजे माजी पाटील, करिष्म्याचा म्हणजे अध्यक्ष, कायदेशीर म्हणजे गटसचिव (सोसायटीचं कागदपत्र सांभाळणारा सचिव), असं लिहिलं तर सरांनी सरळ लाल रेघ मारली. काय चुकलं?

वऱ्हाडी_मास्तर: ताई, रेघ बरोबरच आहे. वेबरचे प्रकार माणसांवर मारायचे शिक्के नव्हेत. लोक हुकूम कशाच्या आधारावर रास्त मानतात, त्याचे ते तीन आदर्श नमुने. एकाच अध्यक्षाला कोणी मोठ्या घराचा म्हणून मानतं, आणि निवडून आला म्हणून त्याची सही बँकेत चालते. करिष्मा जपून वापरा. भाषण फर्डं अन् प्रत्येक लग्नाला हजेरी, एवढ्याने तो होत नाही. या माणसात काही असामान्य आहे अशी अनुयायांची श्रद्धा लागते. नसेल तर 'आढळला नाही' लिहा, मार्क जात नाहीत.

खरा मसाला गटसचिवाच्या टेबलावर आहे. तो निवडून आलेला नाही, पण कमाल मर्यादा पत्रक (कोणाला किती कर्ज, त्याचा तक्ता) कसं भरायचं, आठ-अ वर (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) काय खटकेल, फाइल कुठे अडेल, हे त्यालाच ठाऊक. फ्रेंच आणि रेव्हन यांनी १९५९ मध्ये सत्तेचे पाच आधार मांडले, त्यातला तज्ज्ञतेचा हा. फाइल मुद्दाम रखडवता येत असेल तर दंडसत्ताही, म्हणजे त्या पाचातला शिक्षेच्या धाकाचा आधारही, आला.

तुरीची_घुगरी: मिशेल्सने १९११ मध्ये जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षावर लिहिलं. समतेच्या गोष्टी करणारी संघटनाही मूठभरांच्या हाती का जाते, हा त्याचा प्रश्न. मागच्या तीन निवडणुकांच्या संचालक याद्या शेजारी ठेवा: किती आडनावं तीच, किती जागा अविरोध? आमसभेच्या हजेरीवरच्या सह्या मात्र तपासून घ्या, काही ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं सर्वसहमतीने निर्णय घेण्याचं उदाहरण देऊन मिशेल्स खोटा ठरवायचा मोह आवरा. संघटना मोठी होणं हे त्याच्या युक्तिवादातलं मुख्य कारण, आणि ते गाव लहान आहे.

ल्यूक्स (१९७४) साठी सत्तेचे तीन थर. पहिला, अभ्यासक रॉबर्ट डालचा: मतदानात कोण जिंकलं. दुसरा, बॅकरॅक आणि बॅराट्झ यांचा (१९६२): कोणता विषय पटलावर येऊच दिला नाही. मक्त्याने (दुसऱ्याचं शेत ठरलेल्या रकमेवर घेऊन) वावर करणाऱ्याच्या नावाचा सातबारा नसतो, म्हणून पीककर्ज अडतं. हा विषय इतिवृत्तात (सभेच्या नोंदीत) कधी आला का, शोधा. नुसता आला नाही म्हणून भागत नाही. कोणी काढू पाहिला आणि तो कुठे जिरला, हे मुलाखतीतून यायला हवं. तिसरा थर, ल्यूक्सचा स्वतःचा: तक्रार मनातच उठू नये अशी सत्ता. म्हणजे मक्तेवालाच म्हणतो, 'सातबारा नाही त्याले कर्ज कसं भेटन?' इथेच विद्यार्थी घसरतात आणि 'लोक अज्ञानी आहेत' लिहून मोकळे होतात. तो कदाचित सगळं समजून गप्प असेल. एकट्यात आणि चारचौघांत वेगळं बोलतो का, पाहा.

पांदण_यवतमाळ: प्रोसिडिंग बुक (इतिवृत्ताची वही) मागितलं तर 'बाहेरच्याले दाखवत नाही' म्हणाले.

वऱ्हाडी_मास्तर: तुमच्या घरी कोणी सभासद असेल तर त्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ३२: सभासदाला उपविधी, ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहता येतात. इतरांची कर्जखाती त्यात येत नाहीत, ती मागू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अन् कर्जवाटपाच्या हंगामात जाऊ नका, मे-जूनमध्ये गटसचिवाला मान वर करायला फुरसत नसते.