'क्रॅश' खरंच एवढा भारी आहे?

करवीरकर
काल 'क्रॅश' परत बघितला. लॉस एंजेलिसमधली दीड दिवसाची गोष्ट. पोलीस, कुलूपवाला, दुकानदार, सरकारी वकील, सगळ्यांच्या कथा एकमेकींत गुंतलेल्या. 2006 चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर उगाच मिळालं नाही. माणूस मुळात वाईट नसतो, वेळ वाईट असते, हे इतकं स्पष्ट कुणीच सांगितलेलं नाही. आपल्या कॉलेजांत दाखवायला पाहिजे.

शनिवार पेठ
दादा, "इतकं स्पष्ट" हेच तर दुखणं आहे! गाडीला गाडी घासली की दुसऱ्या वाक्याला वंश निघतो. असं तोंडावर कोण बोलतं? आणि तो गोरा पोलीस. रात्री झडतीच्या नावाखाली नवऱ्यादेखत काळ्या बाईच्या अंगाला नको तिथं हात लावतो. दुसऱ्या दिवशी एवढ्या अफाट शहरात तीच बाई उलटलेल्या गाडीत अडकते आणि वाचवायला हाच हजर! पेट्रोल गळतंय, संगीत चढतंय, झाला हिरो. एका धाडसात सगळं माफ?

आपल्याच कोल्हापूरचं बघा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे. पण त्याच्या कितीतरी आधी, 26 जुलै 1902 ला, नोकऱ्यांत मागासवर्गीयांना 50 टक्के जागांचा हुकूम काढून बसले होते. मनं बदलायची वाट बघितली नाही. हा सिनेमा सगळा दोष मनावर टाकतो आणि व्यवस्थेला मोकळं सोडतो.

करवीरकर
मोकळं कुठं सोडतो? त्या पोलिसाचा जोडीदार तक्रार घेऊन जातो तेव्हा साहेबच त्याला गप्प करतो. तो साहेबही काळाच, स्वतःची खुर्ची सांभाळतोय. तो प्रसंग विसरलात वाटतं.

शनिवार पेठ
तो प्रसंग चांगला आहे, मान्य. पण दोन मिनिटांत उरकला. आणि ऑस्करचं सांगू नका. दिग्दर्शक पॉल हॅगिसनेच 2015 मध्ये म्हटलं, वर्षातला सर्वोत्तम चित्रपट हा होता असं आपल्याला वाटत नाही. त्याच वर्षी शर्यतीत 'ब्रोकबॅक माउंटन' होता.

पंचगंगेची लेक
शाहू महाराजांचं नाव घेऊन आजचं गाव धुऊन काढू नका. राजारामपुरीत खोली बघायला गेले होते. मालकीणबाईंनी चहा दिला, पंखा लावून दाखवला, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. किल्ली माझ्या हातात होती. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. बाईंनी किल्ली परत घेतली. म्हणे भाचा यायचाय राहायला. पुढच्या आठवड्यात 'खोली भाड्याने देणे आहे' पाटी तिथंच! तोंडावर कोण बोलतं विचारता? कुणीच नाही. म्हणून मला त्या सिनेमातली तोंडावर बोलणारी माणसं परवडली. निदान कळतं तरी, 'नाही' कशासाठी म्हणाले ते.

बावडेकर
ताई, मी घरमालक आहे. दर वेळी जात कशाला काढायची? एक जण भाडं थकवून रातोरात गेला, वीजबिल माझ्या गळ्यात. चौकशी करायची नाही का आम्ही?

पंचगंगेची लेक
करा ना! पगाराची चिठ्ठी मागा, डिपॉझिट घ्या, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या. आडनावावरून थकबाकी कळते का?

बावडेकर
आवाज चढवू नका. सगळ्या घरमालकांना एका माळेत ओवताय.

पंचगंगेची लेक
ओवत नाही, विचारतेय. तुम्ही स्वतः आडनाव विचारता का नाही, एवढं सांगा.

बावडेकर
विचारतो. करारात लिहायला लागतं.

शनिवार पेठ
करार किल्ली देताना होतो, साहेब. आधी विचारायचं कारण काय? त्या बाईंनी चहा पाजून जे केलं, तेच तुम्ही करता.

बावडेकर
तुम्ही मला ओळखता? घरी येऊन बघा आधी, मग बोला!

करवीरकर
धागा सिनेमाचा आहे मंडळी. कुलूपवाला पलंगाखाली लपलेल्या पोरीला गोळी न लागणारा अदृश्य झगा घालतो. नंतर बापावर पिस्तूल रोखलेलं बघून तीच पोर मध्ये उडी घेते. त्याला भाषणबाजी म्हणता? मी रडलो होतो.

शनिवार पेठ
त्या प्रसंगाला माझाही हात जोडून नमस्कार. लगेच गोळ्या फुसक्या निघाल्या, तिथं मात्र सुटका फारच स्वस्तात केली.

पंचगंगेची लेक
बावडेकर, उत्तर राहिलं.

बावडेकर
करार करतानाच विचारेन इथून पुढं. पण बिल थकलं तर तुमच्याकडं येणार.

करवीरकर
ताई, टाकाळ्याला ओळखीत एक खोली आहे, आडनाव विचारत नाहीत. हवी असेल तर मेसेज करा. सिनेमाबद्दल माझं मत तेच आहे.