शब्दचर्चा: ‘मॉडेस्टी’ला ‘शालीनता’ म्हणावं का?

अंत्रुज
मंडळी, एका शब्दापाशी अडलोय. जुन्या गोव्यातली चर्च पाहायला येणाऱ्या मराठी पाहुण्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करून द्यायची आहे. मूळ मजकूर इंग्रजी. शेवटची दोन पानं ‘मॉडेस्टी’वर आहेत: चर्चमध्ये कसे कपडे घालून यावं, आणि त्यामागची ख्रिस्ती समजूत काय, बाहेरचं रूप कशाला म्हणायचं, आतलं कशाला. मी सगळीकडे ‘शालीनता’ घातलं. मजकूर देणाऱ्या सासष्टीच्या बाईंना मराठी उत्तम वाचता येतं. त्यांनी पान वाचलं आणि म्हणाल्या, “हें फकत बायलांखातीर बरयलां अशें दिसता.” (हे फक्त बायकांसाठी लिहिलंय असं वाटतं.) इंग्रजीत तसं काही नाही. मग काय लिहू? विनय, मर्यादा, साधेपणा, लज्जा, भीड, सगळे पुढ्यात मांडून बसलोय.

हॅलो_म्हापसा
सोज्वळता!

कुळागर
सोज्वळ म्हटलं की मला मालिकेतली थोरली सूनच दिसते. नको.

जुनी पोथी
‘शालीन’ घरंदाज वाटतो, कारण तो खरोखरच घरातला शब्द आहे. पाणिनीचं सूत्र आहे: ‘शालीनकौपीने अधृष्टाकार्ययोः’ (५.२.२०). शाला म्हणजे घर. ज्याने घरातच शिरावं असा तो शालीन, म्हणजे धीट नसलेला, बुजरा. गंमत अशी की त्याच सूत्रात शालीनच्या मांडीला मांडी लावून कौपीन बसलंय. कूपात, म्हणजे विहिरीत टाकून देण्याच्या लायकीचं ते कौपीन. म्हणजे पाप, करू नये ते. पुढे जे झाकायचं ते कौपीन झालं आणि मग ज्याने झाकायचं ती लंगोटी. पोशाखावरच्या चर्चेला याहून चांगलं सूत्र मिळणं कठीण.

आता ‘सभ्य’ शेजारी ठेवा. सभेत बसायला योग्य तो सभ्य. पुरुषांना ‘सभ्य पोशाख’ आणि बायकांना ‘शालीन पोशाख’ सांगितला की एकाला सभेत बसवलं आणि दुसरीला घरी धाडलं. बाईंना खटकलं ते हेच असणार.

कुळागर
गुरुजी, राग मानू नका, पण शब्द काही व्युत्पत्तीच्या काठीवर चालत नाहीत. ‘शालीन’ वाचून आज कोणाला शाला आठवते? न मिरवणारा, तोलाने बोलणारा, एवढाच अर्थ लोक घेतात. मोठ्या गवयाला, शास्त्रज्ञाला शालीन म्हटलेलं आपण रोज वाचतो.

जुनी पोथी
राग कसला? माणूस शालीन असतो, मान्य. पण ‘शालीन पोशाख’ हे दोन शब्द एकत्र येऊन कुठल्या पुरुषाच्या पँटबद्दल लिहिलेले वाचलेत का? स्वभावाला लावला तर शब्द दोघांचा, कपड्याला लावला की लगेच तिचा. आणि अंत्रुजच्या पानांत कपडेच आहेत.

कुळागर
हे बाकी खरं.

रायतूर
मूळ शब्दांकडे जाऊ, म्हणजे वाद थोडा लवकर मिटेल. (मी पाद्री नाही. मात्र एकेकाळी त्या वाटेवर थोडा चाललो होतो, तेव्हाची ग्रीक अजून पुरती विसरलेलो नाही.)

इंग्रजी शब्दामागे लॅटिन ‘मोदेस्तिया’ आहे आणि त्यामागे ‘मोदुस’, म्हणजे माप. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताने पोशाखाचा विचार केला तो संयम या सद्गुणाच्या पोटात. कपड्यात आपण होऊन काही दोष नसतो, दोष वापरणाऱ्याच्या मनात, असं तो धरतो. ज्या लोकांत राहायचं त्यांच्या रिवाजाला सोडून वागणं हे एक माप चुकणं, कपड्यांच्या नादी लागणं हे दुसरं. आणि गबाळेपणालाही तो सोडत नाही. आपण किती साधे ते दाखवण्यासाठी मळके कपडे मिरवणं हासुद्धा तोराच, हे त्याने लिहून ठेवलंय. त्यामुळे ‘साधेपणा’ हा पर्याय बाद समजा. साधेपणाही मिरवता येतो, आपल्याकडचे काही पुढारी डोळ्यांपुढे आणा.

आता बायबल. हमखास दाखवतात ते वचन तीमथ्याला पहिलं पत्र, २:९. माझ्याकडच्या जुन्या मराठी प्रतीत तिथे ‘भिडस्तपणाने व मर्यादेने’ असे शब्द आहेत. ज्याने ते योजले त्याचा कान तयार होता. ग्रीकमध्ये पहिला शब्द आयदोस; त्याला ‘भीड’ चपखल बसतो, कारण भीड समोरच्या माणसाची असते, अंगाची लाज निराळी. दुसरा सोफ्रोसिने, मनाचा तोल. आणि वेषाला लावलेलं विशेषण कोस्मिओस: नीटस, जिथल्या तिथे असलेला. ते कोस्मोसवरून आलं. कोस्मोस म्हणजे रचना, त्यातूनच विश्व आणि त्यातूनच साजशृंगार. कॉस्मेटिक याच घरातलं.

खरी गंमत पुढच्या अध्यायात आहे. ३:२ मध्ये बिशपने कसं असावं ते सांगताना विशेषण तेच, कोस्मिओस. मराठीत तिथे ‘सभ्य’ आलंय, आणि बायकांच्या ओळीत ‘साजेल अशा वेषाने’. जुनी पोथींनी वर केलेली वाटणी भाषांतरकाराने आधीच करून ठेवलेली दिसते. ग्रीकमध्ये मात्र बिशपाला आणि बाईला एकच माप लावलंय.

दिवाडी
रायतूर सर, त्या ओळीत पुढे काय आहे तेही सांगा ना. गुंफलेले केस, सोनं, मोती, मोलाची वस्त्रं. यात उघड्या खांद्याचा कुठे उल्लेख आहे? सगळी यादी पैशाची आहे. प्रार्थनेला जमलेल्यांत एकीने श्रीमंती दाखवायची आणि दुसरीने कोपऱ्यात अंग चोरून बसायचं, हे त्यांना नको होतं. याकोबच्या पत्रात (अध्याय २) हेच पुरुषाबद्दल आहे: सोन्याची अंगठी नि झगझगीत कपडे घालून आलेल्याला पुढे बसवता आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभं राहा म्हणता, असं करू नका. पण मॉडेस्टीवरच्या प्रवचनात ही अंगठी कधी निघत नाही. आमच्याच कानांतल्या कुड्या निघतात.

हॅलो_म्हापसा
म्हणजे सोनं घालायचं नाही असंच ना? आमच्या शेजारचे बिलिवर्स (नव्या ख्रिस्ती पंथातले) मंगळसूत्रसुद्धा काढून ठेवतात.

दिवाडी
त्यांची रीत त्यांच्यापाशी. केरळातल्या कितीतरी पेंटेकोस्टल घरांतही सोनं घालत नाहीत, ते हीच वचनं अक्षरशः घेतात. आम्हा कॅथलिकांचं तसं नाही. गोंयच्या लग्नात चुडो (नवरीच्या बांगड्या) चढतो तो मामाच्या मानाने, लाल साडो येतो, आणि सोनं किती ते विचारूच नका. बायबलातही रिबेकेला मागणी घालायला गेलेला चाकर पहिल्यांदा काढतो ती सोन्याची नथ आणि बांगड्या (उत्पत्ती २४). योहानाला दिसलेलं नवं यरुशलेम नवऱ्यासाठी सजलेल्या नवरीसारखं आहे. दागिना हे पाप असतं तर ही उपमा दिली असती का?

रायतूर
आणि त्या सजण्याचं ग्रीक क्रियापदही कोस्मोसच्याच कुळातलं आहे.

हॅलो_म्हापसा, दुसरं वचन म्हणजे पेत्राचं पहिलं पत्र, ३:३-४. तुमची शोभा केस गुंफणं, सोनं लेणं, वस्त्रं घालणं अशी बाहेरची नसावी; आतल्या माणसाची, सौम्य आणि शांत आत्म्याची, न नासणारी असावी, असा त्याचा भावार्थ. ग्रीकमध्ये तिसरी गोष्ट नुसती ‘वस्त्रं घालणं’ आहे, मागे ‘उंची’ असं विशेषण नाही. अक्षरशः बंदी मानली तर कपड्यांवरच बंदी येईल! तेव्हा त्याला म्हणायचंय ते एवढंच की शोभा कुठे आहे ते ओळखा.

‘सौम्य’ हा शब्दही बायकांच्या पदरात बांधू नका. ग्रीक प्राइस. डोंगरावरच्या प्रवचनात ‘जे सौम्य ते धन्य’ तिथे हाच शब्द आहे, आणि येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणतो (मत्तय ११:२९) तिथेही हाच.

जुनी पोथी
शोभा आणि कोंकणीतलं सोबाय एकच. “सोबीत दिसता” म्हणताना आपण रूपाबद्दल बोलतो, पण “हें तुका सोबना” म्हणताना वागण्याबद्दल. मराठीत ‘शोभत नाही’चंही तेच. एका क्रियापदात दोन्ही सौंदर्यं मावलेली असताना अंत्रुज भाववाचक नामं कशाला शोधत बसलेत, कळत नाही.

‘साजणे’चंही असंच. रायतूर गावच्याच मातीत वावरलेल्या थॉमस स्टीफन्सने क्रिस्तपुराण या आपल्या ओवीबद्ध मराठी ग्रंथात (१६१६) मराठीचं कौतुक करताना कोणता शब्द घेतला? ‘तैसी भासांमाजि साजिरी मराठिया’. इंग्लंडहून आलेला जेझुइट पाद्री, आणि भाषेला सुंदर म्हणायला शब्द निवडला तो साजण्यातला.

कुळागर
स्टीफन्स आला म्हणजे चर्चा चारशे वर्षं मागे गेली, तर मीही एक मागचं काढतो. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे गोव्यातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या गोंयकार पुरुषांना पुडवें (धोतर) आणि बायकांना चोळी बंद केली. धोतरात किंवा चोळीत अमर्याद असं काय होतं? तो हिंदू वेष होता, एवढंच. म्हणून चर्चच्या दारात ‘योग्य पोशाख’ वाचलं की मला आधी विचारावंसं वाटतं, योग्य कोणाच्या मते? फोंड्यातल्या देवळांबाहेरच्या पाट्यांनाही हाच प्रश्न आहे, नुसता चर्चवर रोख नाही.

दिवाडी
रास्त प्रश्न. त्या जाहीरनाम्यात मर्यादेचा विषयच नव्हता, हुकमत होती. पण आज चर्चची शिकवण तशी उरलेली नाही. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २५२४) स्पष्ट लिहिलंय की मर्यादेची रूपं संस्कृतीगणिक बदलतात. त्याच्या आधीच्या परिच्छेदांत ती माणसाचा आतला गाभा जपते असंही आहे. मला ही बाजू जास्त महत्त्वाची वाटते. माझी आजी मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाताना लुगड्यावरून पांढरी ओल, म्हणजे चादर, पांघरायची, डोक्यापासून खाली. ती लाजरी मुळीच नव्हती. बाजारात तिच्याशी घासाघीस करून बघायची होती कोणी! ओल म्हणजे तिच्या लेखी देवासमोर जायची तयारी. लाज आणि ही तयारी यांना एकच शब्द देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

अंत्रुज
देव बरें करूं. शब्द बराचसा सुटला. लेखाच्या भागात ‘मर्यादा’ घेतो: मोदुस माप, आणि मर्यादेत सीमेचा अर्थ आहेच. शिवाय बायबलाच्या मराठीत तो आधीपासून आहे. ‘भीड’ एकदाच, वचन सांगताना. ‘आंतरिक सौंदर्य’ हे साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतं, तिथे ‘अंतरीची शोभा’.

राहिली पाटी, म्हणजे पुस्तिकेतली पोशाखाची सूचना. “कृपया मर्यादशील पोशाखात प्रवेश करावा” कसं वाटतं?

कुळागर
वाईट. मर्यादशील सून आठवली. आपण सोज्वळतेपाशीच परत येऊन बसलो.

दिवाडी
पाटीवर गुणच नकोत. बसमधून उतरलेल्या माणसाला गुण वाचून काय करायचंय? त्याला हाफ पँट चालेल का ते सांगा. “खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालून आत यावे.” बाईलाही लागू, बाप्यालाही.

रायतूर
सही. आणि पुरुषांसाठी “टोपी काढून आत यावे” हेही घाला. मराठी पाहुण्यांना हे सांगावंच लागतं. देवळात टोपी डोक्यावर ठेवणं हा मान, चर्चमध्ये काढणं हा मान. घाटावरून आलेले आजोबा पांढरी टोपी घालून हात जोडतात, त्यांच्या मनात भक्तीच असते, आणि कोणीतरी जाऊन खसकन “टोपी काढा” म्हणतो.

हॅलो_म्हापसा
आणि बायकांनी पदर डोक्यावर घ्यायचा?

रायतूर
घ्यायचा तर घ्यावा, सक्ती नाही. १९१७च्या चर्चच्या कायद्यात (कलम १२६२) पुरुषांनी डोकं उघडं आणि बायकांनी झाकलेलं ठेवावं असं होतं. १९८३च्या नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही. पुरुषांची रीत सवयीने टिकली. जुन्या कलमातही पुरुषांना सूट होती: एखाद्या लोकांची मान्य रीत वेगळी असेल तर डोक्यावर राहू द्यावं.

अंत्रुज
मग पुस्तिकेत असं लिहितो: “खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. पुरुषांनी शक्यतो टोपी काढावी.” फेट्याचं काय करू? फेटा बांधायला अर्धा तास लागतो, तो दारात सोडायला कसा सांगणार?

जुनी पोथी
‘टोपी’च लिहा. फेटा म्हणजे टोपी नव्हे, हे सांगायला कोशाची गरज नाही. आणि ‘पोषाख’ लिहू नका, ‘पोशाख’. फारसी शब्द आहे, त्याला ष कुठून?