लेनिनग्राडच्या वेढ्याविषयी कविता आणि कादंबऱ्या : काय वाचावे आणि कोणत्या क्रमाने?

निशिगंध :

नमस्कार. माझे वडील १९७० च्या दशकात शिष्यवृत्ती मिळवून अभियांत्रिकी शिकण्यासाठी लेनिनग्राडला गेले होते आणि पाच वर्षे तेथील एका वसतिगृहात राहिले. त्या वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या वयस्कर बाई टेबलावर पडलेला पावाचा चुरा तळहाताच्या कडेने गोळा करून तोंडात टाकत, आणि एखादा मुलगा पावाची कड ताटात टाकून उठू लागला की काही न बोलता त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहत, ही आठवण बाबांनी आम्हाला कितीतरी वेळा सांगितली. आमच्या घरात पोळीचा तुकडा कधीच टाकला गेला नाही, त्याचे कारण त्या बाई होत्या.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पेटीत काही रशियन पुस्तके निघाली. त्यांपैकी एका पातळ कवितासंग्रहावर ओल्गा बेर्गोल्त्स हे नाव आहे, असे एका रशियन जाणणाऱ्या परिचितांनी वाचून सांगितले. मला रशियन येत नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी वाचता येते. सैन्याच्या हालचाली आणि नकाशे यांत मला सध्या शिरायचे नाही. त्या बाईंसारखी माणसे त्या दिवसांत कशी जगली आणि जगून उरल्यावर त्यांनी ते दिवस कसे जपून ठेवले, हे कविता आणि ऐतिहासिक कादंबऱ्या यांमधून समजून घ्यायचे आहे. आईला दिसायला कमी झाले आहे, म्हणून मी तिला रोज संध्याकाळी थोडे वाचून दाखवते; तेव्हा मोठ्याने वाचण्याजोगे काही असेल तर तेही कृपया सुचवावे.

कृष्णाकाठ :

डेव्हिड बेनिऑफ यांची 'सिटी ऑफ थीव्ज' ही २००८ मधील कादंबरी सुचवतो. एका कर्नलच्या मुलीच्या लग्नातील केकसाठी उपाशी शहरातून डझनभर अंडी शोधून आणण्याची कामगिरी दोन तरुणांवर येते, अशी तिची कथा आहे. एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही.

टिपणवही :

निशिगंध, तुमच्या वडिलांच्या पेटीत बेर्गोल्त्स निघाल्या हे वाचून मन भरून आले, कारण मी तुम्हाला त्यांच्यापासूनच सुरुवात करा असे सांगणार होते. 'सिटी ऑफ थीव्ज' चांगली कादंबरी आहे. परंतु तिचा कल साहसाकडे आहे आणि तुम्ही जे शोधता आहात ते तिच्यात थोडेच सापडेल. ती नंतर वाचावी.

आधी वेढ्याची मोजकी माहिती देते, कारण ती नसेल तर कवितेतील साधे शब्दही अंगावर येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, वेढा घातला. ८ सप्टेंबर १९४१ रोजी शहराचा जमिनीवरील शेवटचा मार्ग तुटला आणि २७ जानेवारी १९४४ रोजी वेढा पूर्णपणे उठला; मधले दिवस ८७२. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबर १९४१ पर्यंत कामगारांना रोज २५० ग्रॅम आणि इतर सर्वांना, म्हणजे लहान मुले, म्हातारी माणसे आणि कचेऱ्यांतील कर्मचारी यांना, १२५ ग्रॅम पाव मिळत असे. त्या पावातही पीठ कमी आणि पेंड, लाकडाचा लगदा यांसारखी भर जास्त असे. वीज नाही, नळाला पाणी नाही, ट्राम बंद, आणि बाहेर कमालीची थंडी. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून मालमोटारींनी धान्य येऊ लागले तरी त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. वेढ्यातील एकूण मृतांचा आकडा आज बहुतेक इतिहासकार आठ लाख किंवा त्याहून अधिक मानतात.

या शहरात घराघरांत तारेने जोडलेले ध्वनिवर्धक होते. कार्यक्रम चालू नसेल तेव्हा त्यातून मेट्रोनोमची, म्हणजे संगीतात लय धरून देणाऱ्या यंत्राची, टिकटिक ऐकू येई. टिकटिक चालू आहे म्हणजे शहर जिवंत आहे असे लोक मानत, आणि तिची गती वाढली की विमानहल्ल्याचा इशारा समजत. ओल्गा बेर्गोल्त्स याच रेडिओवरून बोलत आणि स्वतःच्या कविता वाचत. 'फेब्रुवारीची रोजनिशी' ही त्यांची दीर्घ कविता १९४२ च्या फेब्रुवारीत ऐकवली गेली. तिची सुरुवात अगदी साधी आहे : इतर दिवसांसारखाच एक दिवस, मैत्रीण घरी येते, न रडता सांगते की काल तिने आपल्या माणसाला पुरले, आणि दोघी सकाळपर्यंत गप्प बसून राहतात. कवयित्रीजवळ सांत्वनाचे शब्द नाहीत, कारण तीही लेनिनग्राडची एक विधवा आहे. दिवसभरासाठी राखून ठेवलेला पाव दोघी खाऊन टाकतात, एकाच शालीत गुरफटून बसतात, आणि शहरात फक्त मेट्रोनोमचा आवाज उरतो. ही कल्पना नव्हती. बेर्गोल्त्स यांचे पती निकोलाय मोल्चानोव्ह त्याच जानेवारीत उपासमारीने गेले होते.

मी कविता आधी वाचायला का सांगते, ते सांगते. कादंबरीकाराला वेढा कधी उठला ते ठाऊक असते. त्याने कितीही प्रामाणिकपणे लिहिले तरी त्याच्या शेवटच्या प्रकरणात कुठेतरी ती तारीख उभी असते आणि वाचकही तिच्या आधाराने उपासमारीची पाने ओलांडत जातो. फेब्रुवारी १९४२ मध्ये मायक्रोफोनसमोर उभ्या असलेल्या बाईला ती तारीख ठाऊक नव्हती, आणि ऐकणाऱ्यांपैकी कितीजण पुढच्या आठवड्यात असतील तेही ठाऊक नव्हते. तिच्या ओळीत जो धीर आहे तो निकाल माहीत नसतानाचा धीर आहे. हा फरक एकदा कानाला कळला की मग कादंबऱ्या वेगळ्या वाचल्या जातात.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लिहिलेली त्यांची 'लेनिनग्राड कविता' दुसऱ्या दिवशी वाचावी. तिच्यात त्या १२५ ग्रॅम पावाचा थेट उल्लेख आहे, मुलीच्या शवपेटीसाठी पाव मागणारी आई आहे, आणि लादोगावर बंद पडलेली मोटार दुरुस्त करता यावी म्हणून पेट्रोलमध्ये भिजवलेले हात पेटवून घेणारा चालक आहे. तुमच्या आईंना वाचून दाखवण्यासाठी याच दोन कविता उत्तम, कारण त्या मुळात ऐकवण्यासाठीच लिहिल्या गेल्या. निवडक कवितांचे इंग्रजी अनुवाद संकलनांत मिळतात. बेर्गोल्त्स यांचे आत्मकथनपर गद्य 'डेटाइम स्टार्स' या नावाने २०१८ मध्ये इंग्रजीत आले आहे.

एक गोष्ट मात्र सोबत ठेवा. ज्या राज्याच्या रेडिओवरून त्या लोकांना धीर देत होत्या, त्याच राज्याने त्यांना १९३८ च्या अखेरीस तुरुंगात टाकले होते, आणि तिथेच त्यांचे पोटातले बाळ गेले. त्यांचे पहिले पती, कवी बोरिस कोर्निलोव्ह, त्याच वर्षी गोळ्या घालून मारले गेले. युद्धानंतर त्यांच्या रेडिओ-भाषणांचे पुस्तक ग्रंथालयांतून काढून घेतले गेले. १९४९ मध्ये शहराच्या संरक्षणाचे संग्रहालयही बंद झाले, ते पुन्हा उघडायला १९८९ उजाडावे लागले. म्हणजे ज्यांनी भूक सोसली त्यांना ती मोकळेपणी आठवण्यासाठीही चाळीस वर्षे थांबावे लागले. तुमच्या वडिलांच्या वसतिगृहातील बाई काही बोलत नव्हत्या, तुकडा टाकणाऱ्याच्या शेजारी नुसत्या उभ्या राहत होत्या. मला वाटते, त्या न बोलण्यात हेही असेल.

मोगरा_७१ :

टिपणवही यांचा प्रतिसाद मनापासून आवडला, तरी क्रमाबद्दल माझे मत वेगळे आहे. ज्याला त्या शहराचे घर, जिना, शेगडी, रांग यांतले काहीच डोळ्यांसमोर आणता येत नाही, त्याला कवितेतील मोजके शब्द कोरडे वाटण्याचा धोका असतो, आणि अनुवादात तर तो वाढतो. म्हणून मी हेलन डनमोर यांची २००१ मधील 'द सीज' ही कादंबरी आधी वाचायला सांगेन. तेवीस वर्षांची ॲना, तिचा पाच वर्षांचा भाऊ कोल्या, लेखक असलेले वडील, त्यांच्या आयुष्यातील अभिनेत्री मरीना आणि आंद्रेय हा वैद्यकीय विद्यार्थी, एवढी माणसे एका घरात हिवाळा काढतात. कोणते लाकूड आधी जाळायचे, मुलाच्या वाट्यात किती टाकायचे, बाहेर पडण्यासाठी अंगातली किती शक्ती खर्चायची, अशा हिशेबांत ही कादंबरी रमते, आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाच्या ती फार जवळ आहे. २०१० मध्ये आलेला तिचा पुढचा भाग 'द बिट्रेयल' १९५२ मध्ये घडतो. जगून उरलेल्यांच्या वाट्याला नंतर काय आले ते त्यात दिसते.

टिपणवही :

मोगरा, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि डनमोर माझ्याही यादीत होत्याच. तरी या दोहोंच्या मध्ये एक पुस्तक अवश्य ठेवावे, असा माझा आग्रह आहे : लिदिया गिन्झबुर्ग यांची 'ब्लॉकेड डायरी'. नाव रोजनिशीचे असले तरी ती शब्दशः रोजनिशी नाही. गिन्झबुर्ग स्वतः वेढ्यात होत्या, रेडिओच्याच कचेरीत संपादनाचे काम करत होत्या आणि त्यांची आई त्या काळात वारली. परंतु लिहिताना त्यांनी 'एन' नावाचा एक पुरुष उभा केला आणि अनेकांचे अनुभव त्याच्या एका दिवसात गोवले. उपाशी माणूस पावाच्या रांगेत काय बोलतो, स्वतःच्या शरीराकडे परक्या वस्तूसारखा कसा पाहू लागतो, घरच्यांवर चिडल्यानंतर त्याला कोणती खंत उरते, यांविषयी इतके निर्भीड लेखन माझ्या वाचनात दुसरे नाही. पहिला भाग छापून यायला १९८४ उजाडले. आईंना हे वाचून दाखवू नका. आधी स्वतः वाचा आणि मग ठरवा.

पानगळ :

आन्ना अख्मातोवा यांचे नाव अजून कसे आले नाही? 'रेक्विएम' हा त्यांचा काव्यसमूह या विषयावरचा मुकुटमणी आहे, तो सोडून पुढे जाऊच नये.

टिपणवही :

पानगळ, 'रेक्विएम' अवश्य वाचावा, पण तो वेढ्याविषयी नाही हे निशिगंध यांना आधीच कळलेले बरे. तो १९३० च्या दशकातील अटकसत्राविषयी आहे. मुलगा तुरुंगात असताना अख्मातोवा सतरा महिने लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांत उभ्या राहिल्या, त्यातून तो आला. स्मरणाच्या दृष्टीने मात्र त्याची कथा विलक्षण आहे. कागदावर ओळी लिहायच्या, जवळच्या मैत्रिणीने त्या पाठ करायच्या आणि लगेच कागद जाळून टाकायचा, अशा रीतीने ती कविता अनेक वर्षे केवळ काही माणसांच्या स्मरणात राहिली. १९६३ मध्ये ती म्युनिकमध्ये छापली गेली, आणि मायदेशात १९८७ मध्ये. आपल्याकडे तुकोबांच्या बुडवलेल्या वह्या लोकांच्या मुखातून तरल्याची गोष्ट सांगतात. ही गोष्ट आपल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

वेढ्याच्या संदर्भात अख्मातोवांची 'धैर्य' ही छोटी कविता आहे. ती १९४२ च्या मार्चमध्ये 'प्रावदा' या सोव्हिएत वृत्तपत्रात आली आणि तिच्यात रशियन भाषा वाचवून नातवंडांच्या हाती देण्याची प्रतिज्ञा आहे. त्या स्वतः १९४१ च्या सप्टेंबरअखेर विमानाने बाहेर नेल्या गेल्या आणि पुढे ताश्कंदला राहिल्या. माझ्या मते 'धैर्य'पेक्षाही मोठी कविता आहे ती त्यांच्या शेजारच्या लहान मुलासाठी ताश्कंदमध्ये लिहिलेली. मुठीने दार ठोठाव, मी उघडीन, नेहमीच उघडत आले आहे, असे त्या त्याला म्हणतात, आणि पुढे मॅपलची एक डहाळी किंवा नुसती गवताची पाती आण, गेल्या वसंतात आणली होतीस तशी, असे मागतात. मुलाचा मृत्यू कुठेही शब्दांत सांगितलेला नाही. इंग्रजीत ज्युडिथ हेम्शमायर यांचा समग्र अनुवाद आहे, त्यात ती सापडेल.

आणि ज्यांना रेडिओवर जागा नव्हती असे कवीही होते. गेन्नादी गोर यांनी वेढ्याविषयी भीतीने, भुकेने विस्कटलेल्या, जवळजवळ तर्काबाहेरच्या कविता लिहिल्या आणि कोणालाही दाखवल्या नाहीत. १९८१ मध्ये ते वारल्यानंतर त्या उजेडात आल्या. त्यांच्यासह पाच कवींच्या कविता पोलिना बार्स्कोवा यांनी 'रिटन इन द डार्क' या २०१६ मधील द्वैभाषिक पुस्तकात एकत्र केल्या आहेत. हे पुस्तक सर्वांत शेवटी घ्यावे. बेर्गोल्त्स धीर देतात, गोर काहीच देत नाहीत, आणि तरीही त्यांचे लिहिणे खरे आहे.

कृष्णाकाठ :

मराठीत मूळ काही आहे का, हेही पाहायला हवे. लेनिनग्राडवर नाही, पण अण्णाभाऊ साठे यांनी त्याच महायुद्धात 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला होता.

टिपणवही :

फार चांगली आठवण केलीत. फक्त पोवाड्याचा धर्म वेगळा आहे हे लक्षात ठेवून तो वाचावा : तो लढणाऱ्यांचे स्फुरण जागवतो, उपाशी घरात बसत नाही. भुकेसाठी अण्णाभाऊंचीच 'बंगालची हाक' ही रचना पाहावी. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरची ती रचना लेनिनग्राड अजून वेढ्यात असतानाच्या काळातल्या भुकेविषयी आहे. आईंना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी ती कोणत्याही अनुवादापेक्षा अधिक मानवेल.

निशिगंध :

सर्वांचे मनापासून आभार. मोगरा यांचा सल्ला मानून मी स्वतः 'द सीज' सुरू केली आहे आणि आईसाठी 'फेब्रुवारीची रोजनिशी' घेतली. इंग्रजीवरून जमेल तसे मराठी करत वाचून दाखवले. दोघी मैत्रिणी दिवसभराचा पाव एकदम खाऊन टाकतात त्या ठिकाणी आईने मला थांबवले आणि विचारले, "मग दुसऱ्या दिवशी त्यांनी काय खाल्ले?" कवितेत त्याचे उत्तर मला सापडले नाही.

बाबांच्या पुस्तकात पिस्कार्योव्स्कोये स्मशानभूमीचे एक छायाचित्रही निघाले. लांबच लांब हिरवे उंचवटे आहेत आणि प्रत्येकासमोर एक दगड, त्यावर नाव नाही, फक्त वर्ष कोरलेले आहे. मागच्या भिंतीवर काही ओळी दिसतात. त्या कोणाच्या आहेत, कुणी सांगू शकेल का?

टिपणवही :

त्या बेर्गोल्त्स यांच्याच आहेत. ही स्मशानभूमी स्मारक म्हणून ९ मे १९६० रोजी खुली झाली आणि तिथल्या सामूहिक थडग्यांत सुमारे पाच लाख माणसे आहेत, त्यांपैकी बहुसंख्य साधे नागरिक. दगडावर विळा-हातोडा असेल तर तो नागरिकांचा उंचवटा आणि तारा असेल तर सैनिकांचा. सर्वांची नावे येथे लिहिता येणार नाहीत, इतके जण या दगडाखाली आहेत, असे त्या भिंतीवरील कविता म्हणते, आणि पुढे येते ती सर्वतोमुखी झालेली ओळ : कुणीही विसरले गेलेले नाही, काहीही विसरले गेलेले नाही. बेर्गोल्त्स यांना स्वतःला तिथेच पुरले जावे अशी इच्छा होती. १९७५ मध्ये त्या गेल्या तेव्हा ती मान्य झाली नाही.

आईंच्या प्रश्नासाठी अलेस अदामोविच आणि दानिल ग्रानिन यांचे 'ब्लॉकेड बुक' मागवा. वेढ्यातून वाचलेल्यांच्या घरी जाऊन त्यांनी १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेल्या साक्षी आणि लोकांनी जपलेल्या रोजनिश्या त्यात आहेत. दुसऱ्या दिवशी काय खाल्ले, हे तिथे माणसे स्वतःच्या तोंडाने सांगतात : सुताराचा सरस उकळून केलेली खळ, चामड्याचे पट्टे, जळालेल्या कोठाराखालची साखर मुरलेली माती. त्यातील सोळा वर्षांच्या यूरा र्‍याबिंकिन या मुलाची रोजनिशी सलग वाचू नका, रोज दोन-तीन पाने पुरेत.