वाचनालयातल्या रविवारांसाठी मराठी चित्रपट सुचवा, बघून झाल्यावर भांडण झालं पाहिजे (कोल्हापूर)

पेठेतली ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेत आमचं लहानसं वाचनालय आहे. पावसाळ्यात सभासदांची ये-जा रोडावते, म्हणून वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी मराठी चित्रपट दाखवायचे आणि नंतर चहाबरोबर तासभर बोलायचं असं कार्यकारिणीत ठरलंय. विषय तसा मोघमच आहे : सिनेमा समाजाकडून काय उचलतो आणि समाजाला काय परत देतो. निवड करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

येणारे लोक तीन तऱ्हांचे. निवृत्त मंडळी, ज्यांना प्रभात कंपनीचे आणि भालजी पेंढारकरांचे चित्रपट सोडून काही चालत नाही. जवळच्या होस्टेलची मुलं, ज्यांचा मराठी सिनेमा 'सैराट'पासून सुरू होतो. आणि भिशीच्या बायका, ज्यांनी आधीच बजावलंय की रडकं काही लावलंत तर आम्ही येणार नाही, ते घरी टीव्हीवर रोज असतंच.

एकच अट. मागं एक पुरस्कारवाला चित्रपट दाखवला होता. सगळे म्हणाले, "छान आहे, विचार करायला लावणारा आहे," आणि चहा पिऊन घरी गेले. तसं नको. लोक तावातावानं बोलले पाहिजेत.

खरी कॉर्नर

ताई, सुटे चित्रपट लावू नका. जोडीनं लावा, एका रविवारी एक आणि पुढच्या रविवारी त्याचा जोडीदार. एकच चित्रपट बघितला की लोक त्याला मार्क देतात. दोन बघितले की आपोआप तुलना सुरू होते, आणि भांडण तिथंच आहे.

खरं तर सुरुवात बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'नं करायला हवी होती. १९२५ सालचा मूकपट, आपल्याच गावात केलेला. पौराणिक कथांची चलती असताना या माणसानं सावकारानं नागवलेला शेतकरी पडद्यावर आणला, आणि त्या शेतकऱ्याच्या कामात होते तरुण व्ही. शांताराम. आज तो बघायला मिळत नाही. असो.

पहिली जोडी 'कुंकू' आणि 'माहेरची साडी'. हसू नका, पुढं वाचा. 'कुंकू' १९३७ चा. पोरक्या नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लावतात आणि ती सरळ सांगते, हे लग्न मी मानत नाही. रडत नाही, पळून जात नाही, त्याच घरात राहून नकार देते. शांता आपट्यांचं काम बघाच, पण केशवराव दात्यांकडेही लक्ष ठेवा. काकासाहेब राक्षस नाहीत, प्रतिष्ठित वकील आहेत, आरशापुढं वय लपवायची धडपड करणारे. आपण करतोय ते चूक आहे हे त्यांना हळूहळू कळत जातं, ते बघवत नाही. आणि सुधारक विचारांच्या मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलंय, ज्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात संततिनियमनाचं काम केलं. म्हणजे पडद्यावरची सुधारक बाई बाहेरूनच चालत आत आली होती.

त्यानंतर ५४ वर्षांनी, १९९१ साली, महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली ती 'माहेरची साडी'. आईच्या मरणाचं खापर मुलीवर, बापाचा राग, सासूचा जाच, आणि नायिका शेवटपर्यंत सोसतेय. आजीनं नकार दिला आणि नातीनं सोसलं, हे कसं काय? आपण पुढं जातोय असं मानणाऱ्यांना हा प्रश्न टाका आणि बाजूला व्हा. मुळात ही गोष्ट मराठीही नाही, राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली आहे. तरी घराघरातल्या बायकांना ती आपली वाटली.

दुसरी जोडी 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'सामना'. पहिल्यात तमाशातली मुलगी बोर्डावर उभी राहून पाटलाचा गुन्हा अख्ख्या गावाला सांगते. दुसऱ्यात दारुडा मास्तर साखरसम्राटाच्या वाड्यात राहून एकच विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? हा प्रश्न नंतर सिनेमातून निसटून राजकारणात गेला. ज्यांनी तो चित्रपट बघितला नाही तेही तो विचारतात. साखरपट्ट्यात राहून 'सामना' दाखवायचा नाही म्हणजे कमाल झाली.

मात्र 'सांगत्ये ऐका'बद्दल एक कडू गोष्टही बोला. पुण्यात विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. मग काय, फड, लावणी, मिशीवाला पाटील आणि फेटे उडवणारं गाव यांची रांगच लागली. त्यातलं कितीतरी इथल्याच स्टुडिओंत चित्रित झालं. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला खेडं म्हणजे एवढंच असतं असं वाटायला लागलं, आणि ते वाटायला लावणारे आपणच. आजही मालिकेतला कोल्हापूरचा माणूस रांगडा, भोळा आणि तांबड्या रश्श्यावर जगणारा असतो. माझा भाचा आयटीत आहे, मटण खात नाही, त्याला पुण्यात रोज विचारतात, "तू कोल्हापूरचा? वाटत नाहीस."

पेठेतली ग्रंथपाल

जोडीची कल्पना आवडली. पण 'माहेरची साडी'? भिशीच्या बायका मला जिन्यावरनं खाली ढकलतील.

राजारामपुरीची सून

ढकलू देत, पण दाखवा. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या गल्लीतल्या बायका, माझी आई त्यात, 'माहेरची साडी'ला गेल्या तेव्हा पहिल्यांदाच बरोबर पुरुषमाणूस नव्हता. त्याआधी थेटरात जायचं म्हणजे वडील तिकिटं आणणार, वडील शेजारी बसणार. या चित्रपटाला वडीलच म्हणाले, बायकांचा आहे, तुम्ही जा. त्या पाच-सहाजणी गेल्या, पिशवीत शेंगा आणि दोन-दोन रुमाल घेऊन, पोटभर रडल्या आणि येताना भेळ खाऊन आल्या. भेळेची गोष्ट आई अजून सांगते, चित्रपटाची नाही.

पडद्यावर 'सोस बाई सोस' चाललेलं आणि खुर्चीतल्या बायका मात्र उंबरा ओलांडून आलेल्या. २०२३ ला 'बाईपण भारी देवा'ला पुन्हा हेच झालं. सारख्या साड्या नेसून, गॉगल लावून, घोळक्यानं बायका आल्या. चित्रपट मला मध्यम वाटला, पण ती दुपार बघण्यासारखी होती. म्हणून ग्रंथपालताई, चर्चेत नुसतं 'चित्रपट काय सांगतो' असं विचारू नका. 'तो बघायला तुम्ही कुणाबरोबर गेला होता' हे विचारा. बायका बोलायला लागतील, थांबवावं लागेल तुम्हाला.

तालमीतला

ग्रंथपालबाई, समदी पुस्तकातली नावं सांगाल्यात म्हणून मी बी एक सांगतो. 'नटरंग' लावा. गुणा कागलकर, अंगापिंडानं तगडा गडी, राजाचा पार्ट करायचं खूळ. फडात बायकी हावभाव करणारा नाच्या पायजे, कोण तयार हुईना, मग ह्योच हुतो. आमी तालमीतली पोरं थेटरात गेल्तो. लावणीला शिट्ट्या मारल्या, आन् गुणा लचकत बाहिर आला तवा खच्चून हसलो. नंतर त्येचं जे हाल हुत्यात ते बघून कुणाच्या तोंडातनं शबुद फुटंना. हसणारं बी आमीच आन् त्येला वाळीत टाकणारं गाव बी आमीच की वो. आता हे होस्टेलच्या पोरास्नी इचारा, मर्द म्हंजे नेमका कोण. नाद खुळा भांडण हुतंय का न्हाई बघा.

'सैराट' मातुर लावू नका. समद्यांनी धाबारा बघिटलाय.

खरी कॉर्नर

दादा, 'सैराट' दहा वेळा बघितलाय म्हणूनच लावायला हवा. पहिल्या भागातलं 'झिंगाट' आठवतं, शेवटची दहा मिनिटं कुणी आठवत नाही. जातीत, पत्रिका जुळवून, देणंघेणं ठरवून केलेल्या लग्नाच्या वरातीत डॉल्बीवर 'झिंगाट' वाजतं आणि नवरदेवाचे काका नाचतात. गाणं ठेवून घेतलं, गोष्ट परत पाठवली.

पण निवृत्त मंडळींसाठी मी 'फँड्री' सुचवेन. कोल्हापुरात जातपात नाही, हे शाहूंचं गाव, असं म्हणणारे तुमच्याकडे असतीलच. महाराजांनी २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या हे खरंच आहे. 'फँड्री'त शाळकरी नायक जब्याच्या घरचे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात तेव्हा मागं शाळेची भिंत दिसते. तिच्यावर रंगवलेली चित्रं कुणाकुणाची आहेत ते प्रेक्षकांना विचारा. एकजण तरी चुळबुळ करेल.

शंकेखोर

मंडळी, एक विचारू? पिक्चर बघून कोण सुधारलंय? 'कुंकू' लोकांनी बघितला, वाहवा केली आणि पुढं कितीतरी वर्षं जरठ-कुमारी विवाह होतच राहिले. 'सामना' बघून एक तरी साखरसम्राट पडला का? सिनेमा आरसा आहे म्हणता तर म्हणा, पण आरशानं कुणाचा चेहरा बदलत नाही.

कागलचा पाहुणा

चेहरा बदलला नसेल, पण पडद्यावर यायला कोण धजावतं ते बदललं. १९२० च्या 'सैरंध्री'त बाबूरावांनी बायकांची कामं बायकांकडूनच करून घेतली, तेव्हा त्या बायकांना समाजानं दूर लोटलं. बारा वर्षांनी 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोटे तारामती झाल्या, मोठ्या घरातल्या. कुजबुज झाली, पण दार उघडं राहिलं. हा बदल नाही तर काय?

आणि आमच्या कागलचं ऋण कुणीतरी सांगायला हवं. बाबूरावांच्या कंपनीला पैसा लागला तेव्हा तो देणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या. 'नटरंग' ज्या कादंबरीवरून केला ती आनंद यादवांची, तेही कागलचेच. आणि 'संत तुकाराम' (१९३६) दामल्यांबरोबर ज्यांनी दिग्दर्शित केला ते साहेबमामा फत्तेलाल, तेही कागलचे. मराठी भक्तिचित्रपटांत जो सगळ्यात वर ठेवतात तो एका ब्राह्मणानं आणि एका कागलच्या मुसलमानानं मिळून केला, आणि तेव्हा त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आज वाटेल का, हाच चर्चेचा मुद्दा घ्या.

माझी जोडी 'संत तुकाराम' आणि २०११ चा 'देऊळ'. तुकोबापेक्षा जिजाई बघा. पोर आजारी, घरात दाणा नाही, ती संतापून पायताण घेऊन देवळात विठ्ठलावरच धावून जाते. नव्वद वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकानं ते भक्तिचित्र म्हणून आनंदानं बघितलं, भावना दुखावल्या नाहीत. 'देऊळ'मध्ये केश्याला दत्त दिसतो आणि बघता बघता गावात दुकानं, पाकीटमार, पुढारी, सगळं येतं. आपल्याला दत्ताची नृसिंहवाडी जवळ आहे, लोक स्वतःच तुलना करतील. तुम्ही करू नका, उगाच मोर्चा यायचा.

शंकेखोर

दुर्गाबाईंचा मुद्दा मान्य. साखरसम्राट मात्र अजून उभा आहे.

निवृत्त ऑपरेटर

मी थेटरात मशीनवर होतो, म्हणून जरा कामाचं बोलतो. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, पावलं, भांड्याचा आवाज असे घरातले खरे आवाज आहेत, सगळी मजा त्यात आहे. तुमचा हॉल वरचा, म्हणजे पत्रा असणार. पाऊस लागला की पहिला अर्धा तास फुकट. त्याला पावसाची उघडीप असलेला रविवार ठेवा, पंखे कमी करा आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर लावायचा विचारही करू नका. जुन्या चित्रपटांचा आवाज आधीच खरखरतो. आदल्या दिवशी पूर्ण लावून बघा, अर्धवट नको, कारण बऱ्याच प्रती मधेच तुटलेल्या असतात.

तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळ धरला जातो, तेव्हा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना परवानगीचं पत्र घाला. एवढ्या लहान वाचनालयाला बहुधा नाही म्हणणार नाहीत, पण लेखी असू द्या.

आणि भालजींचा एकही चित्रपट कुणी कसा सुचवला नाही? शिवाजी महाराज डोळ्यांपुढं आणा म्हटलं की आमच्या पिढीला चंद्रकांत मांडरेच दिसतात. तो जिरेटोप, ते बोलणं, तो दरबार, सगळं भालजींच्या जयप्रभा स्टुडिओतनं आलं. इतिहासाचं पुस्तक नंतर हातात आलं. राजारामपुरीत चंद्रकांतांचं कलासंग्रहालय आहे, पोरांना एकदा तिथं न्या.

पेठेतली ग्रंथपाल

सगळ्यांचे आभार. कार्यकारिणीपुढं ठेवायची यादी अशी केलीय : 'कुंकू', मग 'माहेरची साडी' (सूनबाई, त्या दिवशी तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं आणि आईंनाही आणायचं), मग 'सामना', मग 'फँड्री', आणि शेवटी 'नटरंग'. 'संत तुकाराम' आणि 'देऊळ' दिवाळीनंतर, तोवर अध्यक्षांची समजूत काढते. त्यांना मोर्चाची भीती आहेच. 'सांगत्ये ऐका' जागेअभावी राहिला, त्यावरून निवृत्त मंडळींनी आत्ताच फोन करायला सुरुवात केलीय, म्हणजे भांडण लागलंच म्हणायचं. संग्रहालयाची सहल मात्र पक्की.

पत्रा आहे, ऑपरेटरकाकांनी बरोबर ओळखलं. मोठे स्पीकर भाड्यानं घ्यायचे तर आमची वर्षाची मासिकं बंद करावी लागतील. कुणाकडे आहेत का?

तालमीतला

तालमीत हायेत की. गणपतीपतुर नुसतंच पडल्यात. न्या, पर आगमनाच्या आठ दिस आधी परत पायजेत. आन् 'माहेरची साडी'ला माज्या आयसाठनं एक खुर्ची धरून ठिवा.