पडीक सदनिका पाडून नव्या बांधण्याची परवानगी : अडवायची कशासाठी आणि द्यायची कोणत्या अटींवर?

चर्चाप्रस्ताव

वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या, खिडक्यांना पत्रे ठोकलेल्या इमारती पाडून त्या जागी नव्या सदनिका उभारण्याचा प्रस्ताव नियोजन प्राधिकरणापुढे आला, की हरकतींचा ओघ सुरू होतो. उंची जास्त आहे, शेजाऱ्यांचा उजेड अडेल, गाड्यांना जागा पुरणार नाही, परिसराचे रूप बदलेल. या हरकती ऐकून घेतल्याच पाहिजेत. परंतु त्यांच्यापायी निर्णय लांबत राहणे मला अन्यायाचे वाटते, कारण रिकामी इमारत निर्णयाची वाट पाहत जशीच्या तशी उभी राहत नाही. छत गळू लागते, पाणी स्लॅबमध्ये मुरते, नळ आणि तांब्याच्या तारा चोरीला जातात, आगी लागतात, आणि या सगळ्याचा त्रास आसपास राहणाऱ्यांना सोसावा लागतो. शिवाय अशा जागेपर्यंत रस्ता, पाणी आणि मलवाहिनी आधीच पोहोचलेली असते. तिथे घरे झाली तर शहराच्या कडेची शेतजमीन तेवढी वाचते.

म्हणून माझे मत असे, की जिथे कुणीही राहत नाही, ती इमारत पाडून पूर्वीपेक्षा अधिक घरे देणाऱ्या प्रस्तावावर ठरावीक मुदतीत निर्णय झालाच पाहिजे, आणि नकार द्यायचा असल्यास त्याची कारणे प्राधिकरणाने लेखी द्यावीत.

प्रतिसाद १ (असहमत)

‘जिथे कुणीही राहत नाही’ या शब्दांपाशीच माझी हरकत सुरू होते. इमारत आपोआप रिकामी होत नाही. बहुतेक वेळा आधी दुरुस्ती थांबते, मग रिकाम्या झालेल्या घरांत नवे भाडेकरू घेणे थांबते, आणि उरलेल्या माणसांनी नाइलाजाने घर सोडले, की इमारत पडीक ठरते. ज्या मालकाने ही अवस्था येऊ दिली, त्यालाच तिच्या आधारावर झटपट परवानगी मिळाली, तर दुर्लक्ष हा फायद्याचा व्यवहार होऊन बसेल.

घरांची संख्या वाढली म्हणजे प्रश्न सुटला, हेही मला मान्य नाही. लंडनमधील हेगेट वसाहत १९७४ साली पूर्ण झाली. तिथे हजाराहून अधिक घरे होती आणि त्यांतली बहुसंख्य सामाजिक भाड्याची, म्हणजे बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी भाड्याची होती. वसाहत पाडून नव्या प्रकल्पात दुपटीहून अधिक घरांना मंजुरी मिळाली, पण सामाजिक भाड्याची घरे मूळ मंजुरीत शंभराच्या आत होती. संख्येच्या निकषावर हा प्रकल्प उत्तम ठरतो. जे तिथून उठले त्यांच्या दृष्टीने मात्र ती जागा कायमची गेली. त्यामुळे परवानगीचा पहिला प्रश्न ‘किती घरे’ हा नसून ‘कोणाला परवडणारी घरे’ हा असायला हवा, आणि त्याचे उत्तर मंजुरीच्या बंधनकारक अटींत लिहिलेले असले पाहिजे.

प्रतिसाद २ (पाडण्यालाच विरोध)

दोन्ही बाजूंनी पाडकाम गृहीतच धरले आहे. फ्रान्समध्ये बोर्दो शहरातील ग्रां पार्क वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींचे उदाहरण पाहावे. त्यांतील ५३० घरे न पाडता प्रत्येक घराला बाहेरून काचेची, खोलीएवढी प्रशस्त नवी जागा जोडण्यात आली, रहिवासी कामाच्या काळात आपापल्या घरांतच राहिले, आणि या कामाला २०१९ साली वास्तुकलेसाठी दिला जाणारा युरोपीय संघाचा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला. सिमेंटचे उत्पादन एकटेच जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सात-आठ टक्क्यांची भर घालते. उभा असलेला सांगाडा राडारोड्यात घालून तोच पुन्हा ओतणे हे केवळ मालकाच्या सोयीचे म्हणून मंजूर होऊ नये. दुरुस्ती का शक्य नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असावी.

प्रतिसाद ३

जुन्या इमारतींची तपासणी हे माझे काम असल्याने थोडे तांत्रिक लिहितो. ग्रां पार्कमधील सांगाडा भक्कम होता, म्हणून ते शक्य झाले. काँक्रीटमधली सळई गंजत नाही, ती सिमेंटच्या क्षारतेमुळे. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, तशी ही क्षारता कमी होते. त्यातच ओल मिळाली, की सळई गंजते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते आणि वरचे आवरण फुटून पडते. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन टाकले, की क्षारता टिकून असलेला भाग गुलाबी होतो, गेलेला भाग रंगहीन राहतो. सळईच्या पलीकडेही रंग आला नाही, आणि हे एकदोन ठिकाणी नसून बहुतेक खांबांत आणि तुळयांत आढळले, तर दुरुस्तीचा आग्रह धरताना फार विचार करावा लागतो.

वरवर पाहून मत देण्याला मात्र माझा दोन्ही बाजूंनी विरोध आहे. लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा एक कोपरा १९६८ साली गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. नंतर मजबुती करून ती पुन्हा वापरात आणली गेली. १९८६ साली ती सुटी करून उतरवली, तेव्हा कारखान्यात तयार करून आणलेल्या भिंतींमधल्या सांध्यांचे काम किती निकृष्ट होते, ते उघड झाले. भकास दिसणारी इमारत आतून ठणठणीत असू शकते, आणि रंगवलेली इमारत धोकादायक. नमुने काढून केलेली तपासणी अर्जासोबत असलीच पाहिजे, आणि तपासणारा अभियंता प्राधिकरणाने नेमलेला असावा. शुल्क अर्जदाराने भरावे.

धागाकर्ता

अभियंता प्राधिकरणाने नेमावा, ही सूचना मला पूर्ण मान्य आहे. तिच्यामुळे वादाचे निम्मे मुद्दे सुरुवातीलाच निकालात निघतील. प्रतिसाद २ मधील भूमिका मात्र मला एकांगी वाटते. माणसे राहत असलेल्या वसाहतीचे नूतनीकरण आणि दहा पावसाळे उघड्या छताखाली भिजलेला सांगाडा वाचवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. ‘शक्य नाही हे सिद्ध करा’ या अटीला मुदत नसेल, तर सिद्ध होईपर्यंत इमारत स्वतःच कोसळेल.

मुदतीचा आग्रह मी सोडत नाही, पण ती दोन्ही बाजूंना लागू असावी. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रुइट-आयगो वसाहतीच्या ३३ इमारती १९७२ ते १९७६ या काळात पाडल्या आणि त्या जमिनीचा मोठा भाग पुढे अनेक दशके झाडाझुडपांखाली पडून राहिला. म्हणून नव्या बांधकामाचा करार आणि निधीची हमी दाखवल्याशिवाय पाडकामाचा आदेश निघू नये, आणि ठरलेल्या काळात पाया भरला गेला नाही तर परवानगी रद्द व्हावी.

प्रतिसाद १

ही अट चांगली आहे. तिच्याबरोबर आणखी एक हवी. परवडणाऱ्या घरांचे प्रमाण मंजुरीनंतर कमी करून घेण्यासाठी विकासक ‘प्रकल्प तोट्यात जातो’ असा आर्थिक अहवाल पुढे करतात, आणि तो व्यावसायिक गुपित म्हणून झाकून ठेवला जातो. ज्याच्या आधारे लोकांच्या वाट्याची घरे कमी होतात, तो अहवाल संपूर्ण खुला असावा. तेवढे झाले, तर तुमच्या मुदतीला माझी हरकत राहणार नाही.